खिंडीतल्या चौकीची भिंत

३ एप्रिल, सोमवार

बसच्या ड्रायव्हरने दोनदा विचारलं, "इथेच उतरायचंय ना नक्की?" या फाट्यावर कोणी उतरत नाही म्हणे. हत्यारांची पेटी, चुन्याची पिशवी आणि कपड्यांची बॅग रस्त्याकडेला मांडून मी उभी राहिले, तरी त्याने बस लगेच हलवली नाही. आरशातून बघत होता. घरातून पळून आलेली वाटले असेन.

फाट्यापासून चौकी दीड तासाच्या चढावर. अर्ध्या वाटेत राखणदार घ्यायला आले. साठीला टेकलेले, सडपातळ, बोलायला मोकळे.

"पत्रात गवंडी येणार असं होतं," ते म्हणाले. "गवंडीण येणार असं नव्हतं."

"पत्रात जागा कमी पडली असेल," मी म्हणाले.

हसले आणि पेटी खांद्यावर घेतली. मी त्यांना काका म्हणायला लागले, ते मला गवंडीणबाई. वर पोचेपर्यंत जुनी ओळख असल्यासारखं झालं.

जागा अशी आहे: शेकडो वर्षांपूर्वी या खिंडीतून माल जायचा, आणि इथे जकातीची चौकी होती. पुढे खालून रस्ता झाला, खिंड ओस पडली. माणसं गेली म्हणून झाडं आणि जनावरं टिकली, आणि डोंगर राखीव झाला. चौकीतलं आता उरलंय ते एवढंच: एक कमान, तिला लागून दोन पुरुष उंच भिंत आणि पाण्याचं टाकं. भिंतीला टेकून राखणदाराची खोली. पाहुण्यांसाठी पत्र्याची एक खोली आहे, ती शंभर पावलं खाली, तिथे मी. पाहुण्यांच्या नोंदवहीत यंदाची नावं चौदा. त्यातले चौघे वाट चुकून आलेले, तसं त्यांनीच शेऱ्यात लिहून ठेवलंय.

भिंत धोक्याची आहे का, एवढं बघून अहवाल द्यायचाय. मुक्काम तीन आठवडे. बाबांशिवाय हे माझं पहिलं काम. त्यांचे गुडघे गेले, नाहीतर या चढावर ते माझ्यापुढे असते, आणि मला चुना कालवायला लावलं असतं.

४ एप्रिल, मंगळवार

भिंतीच्या माथ्यावर एक झाड बसलंय. मुळं दगडांच्या दरजांतून थेट पायापर्यंत उतरलीत. ही जात दुर्मीळ आहे. सगळ्या डोंगरात अकरा झाडं उरलीत, त्यातलं एक हे. कापायचं म्हटलं तर झाडांचं खातं अंगावर येणार. भिंत उतरवायची म्हटलं तर दगडांचं खातं, ज्याने मला पाठवलंय. शिवाय झाडच भिंत फोडतंय आणि झाडच तिला धरून ठेवतंय. काही संसार असतात तसे.

आतल्या अंगाने, खोलीच्या बाजूला, एक तडा आहे. वर करंगळी जाईल एवढा, खाली केसाएवढा. जुना की वाढता, हाच प्रश्न. बाबांची पद्धत वापरली: तड्यावर आडव्या काचेच्या तीन पट्ट्या चिकटवल्या आणि प्रत्येकीवर तारीख घातली. भिंत हलली तर काच तडकते. काच लाच खात नाही, असं बाबा म्हणतात. ओळंबाही, म्हणजे दोरीला टांगलेलं वजन, भिंतीच्या माथ्यावरून सोडून ठेवला आणि जमिनीवर टोकाची खूण केली; भिंत झुकली की टोक खुणेवरून सरकतं.

काकांनी सगळं बारकाईने विचारून घेतलं. चिकटवता कशाने, सुकायला किती वेळ लागतो. माणूस शिकायला उत्सुक आहे.

"आणि तडकली तर?"

"तर तुम्हाला ही खोली सोडावी लागेल, काका."

"हं," म्हणाले. "चहा घेणार?"

६ एप्रिल, गुरुवार

काकूंशी ओळख झाली. त्या खाटेवरून उठत नाहीत. सांधेदुखी, काका म्हणाले. खाट त्याच भिंतीला लागून, खिडकीखाली. समोर आख्खा उतार दिसतो. त्यावर रानशेळ्या येतात. काकू त्या मोजतात आणि काका आकडा सरकारी वहीत मांडतात.

"अकरा वर्षांची गणती माझी आहे," काकू म्हणाल्या, "आणि सही यांची. साहेबांनी यांना एकदा शाबासकीचं पत्रही दिलंय."

"मग मी ते कुणाला वाचून दाखवलं का?" काका म्हणाले.

"सगळ्यांना दाखवलंत. फक्त मोठ्याने वाचलं नाहीत."

काकू खूप हसवतात. खातात मात्र चिमणीएवढं. दोन चमचे पेज आणि पुरे. अंगठी गळून पडू नये म्हणून आतून दोरा गुंडाळलाय. सांधेदुखीला हवा मानवत नसेल. मी म्हटलं, शहरात चांगले डॉक्टर आहेत, तुमचा मुलगाही तिथेच आहे, दाखवून का येत नाही? काका भांडी घासायला बाहेर गेले.

भिंतीवर लग्नाचा फोटो आहे. दोघं इतकी घाबरलेली दिसतात की फोटोग्राफरने काय सांगितलं असेल कोण जाणे.

९ एप्रिल, रविवार

तिन्ही पट्ट्या शाबूत. पाच दिवस झाले. मनातून भीती होती, ती निघून गेली. तडा जुना दिसतोय.

मधल्या पट्टीवरच्या तारखेतला चार मी असा काढत नाही असं वाटलं. घाईत लिहिला असेल.

काकांच्या अंगठ्याला चिंधी बांधलेली. विळीवर कापलं म्हणाले. स्वयंपाक त्यांच्याकडेच ना. मी माझ्याकडचं मलम दिलं.

१२ एप्रिल, बुधवार

काचा शाबूत, आठ दिवस! मोबाइलला रेंज फक्त टाक्यापलीकडच्या एका खडकावर मिळते, तिथे जाऊन कार्यालयाला कळवलं: तातडीचा धोका नाही, लेखी अहवाल नंतर. साहेब म्हणाले, "छान, छान." बाबांना फोन केला. ते छान म्हणाले नाहीत. म्हणाले, "ओळंबा बघितलास?"

"काच शाबूत आहे, बाबा."

"ओळंबा बघितलास का, विचारतोय."

या वयातसुद्धा माझा पेपर तपासायचाच असतो त्यांना. बघेन शुक्रवारी.

दुपारी एक जोडपं आलं, वाट न चुकता. काकांनी त्यांना कमान दाखवली, टाकं दाखवलं, झाडाची गोष्ट सांगितली. खोलीतून काकूंनी हाक मारून एक चूक दुरुस्तही केली. मी पायरीवर ऊन खात बसले होते. फार बरं वाटलं. इथे पुन्हा कधीतरी नवऱ्याला घेऊन यायला हवं.

लग्नाच्या फोटोवर धूळ बसलीय, पुसून द्यावा म्हणून हात लावला, तर वर काचच नाही. फुटली म्हणाले काका.

१४ एप्रिल, शुक्रवार

ओळंबा अंगठाभर सरकलाय.

तीनदा बघितलं. वारा नव्हता. दोरी मीच बांधलेली, खूण मीच केलेली. भिंत आत झुकलीय आणि काच जशीच्या तशी. दोघांतलं एक खोटं बोलतंय, आणि ओळंब्याला खोटं बोलायला येत नाही.

मधली पट्टी पातं घालून सोडवली. माझी काच जाड होती. ही पातळ, आणि एका कडेला तपकिरी कागद चिकटलेला. फोटोच्या चौकटीला मागून लावतात तसला. मागे वळले तर काका चहाचा कप घेऊन उभे.

"किती वेळा बदललीत?"

"सहा," म्हणाले. नुसतं सहा. मग कप पायरीवर ठेवला.

मी ओरडले. काय ओरडले ते लिहीत नाही. रोज सकाळी मी त्या काचांकडे बघून खूश होत होते आणि हा माणूस मागून मला चहा देत होता. आतून काकूंचा आवाज आला, "यांना रागवू नका. कल्पना माझी होती. यांना एवढं सुचत नाही."

१५ एप्रिल, शनिवार

सांधेदुखी नाही. फुप्फुसांत आहे, आणि पसरलेलं. जानेवारीत शहरात सगळं करून आले. डॉक्टरांनी हात टेकले: चार महिने, फार तर पाच. कागद गादीखाली होते. काकांनी काढून माझ्या मांडीवर ठेवले. मला त्यातलं काय कळतंय? तरी मी पान न् पान वाचलं, कारण मान वर करायची नव्हती.

"मुलाचं घर चौथ्या मजल्यावर आहे," काका म्हणाले. "खिडकीतून समोरच्यांची खिडकी दिसते. ही म्हणाली, मला तिथे न्यायचं नाही. एवढं एकच मागितलंय तिने. पस्तीस वर्षांत एकच."

"भिंत पडली तर दोघंही जाल."

"ते चालेल तिला. मी विचारलंय."

"आणि तुम्हाला?"

"मला कोण विचारतंय!" असं म्हणून हसायला गेले, ते जमलं नाही. मग म्हणाले, "दहा-पंधरा दिवस थांबा, बाई. जास्त लागणार नाहीत."

मी माझी पत्र्याची खोली देऊ केली. काकू म्हणाल्या, "या खिडकीतून डोंगर दिसतो. तिकडून संडास दिसतो. तुम्हीच सांगा."

नवऱ्याला फोन केला. तो म्हणाला, हे ठरवायचं काम तुझं नाही, कळवून मोकळी हो. मोकळी! बाबांनी फक्त विचारलं, "टेकू लावता येईल?"

१७ एप्रिल, सोमवार

टेकू लावता येईल. आठ जाड वासे, पाचरी आणि दोन दिवस, एवढंच हवंय. पण इथली फांदी मोडायलाही बंदी आहे, आणि खालून लाकूड आणायचं तर राखीव क्षेत्रात लाकूड आत आणायला झाडांच्या खात्याची परवानगी, आणि जुन्या भिंतीला टेकवायला दगडांच्या खात्याची. दोन्हीकडे अर्ज तोंडी सांगितला. काम कशासाठी, असं दोघांनीही विचारलं. खबरदारी म्हणून, मी म्हणाले. तुम्हीच तर धोका नाही म्हणाला होता, असं दोघंही म्हणाले.

तोवर खाट पलीकडच्या भिंतीला नेली. काकूंनी तेवढं मान्य केलं. तिथून निम्माच उतार दिसतो. आज शेळ्या सात. "सात दिसल्या म्हणून सात," त्या म्हणाल्या. "वहीत तसं लिहा, अर्धवट म्हणून." प्रामाणिक गणती!

मी अजून कळवलेलं नाही. हे इथे लिहून ठेवते. धोका मला माहीत आहे आणि मी तीन दिवस गप्प आहे.

१८ एप्रिल, मंगळवार

सकाळी दहाच्या सुमाराला वरचा एक दगड सुटला आणि काकांच्या खोलीचा पत्रा फोडून आत पडला. नारळाएवढा. कालपर्यंत जिथे उशी होती तिथे. काका टाक्यावर होते. मी धावत गेले तर काकू धुळीत बसलेल्या, खोकत. "शेळ्या पळाल्या असतील आवाजाने," म्हणाल्या.

मी सरळ खडकावर गेले आणि कळवलं. सगळं. काचांचंही.

परत आले तेव्हा काका पत्र्याच्या भोकाला गोणपाट लावत होते. "कळवलंत," म्हणाले. प्रश्न नव्हता. मी हो म्हटलं. त्यांनी खाली न बघता हात पुढे केला आणि मी खिळा दिला.

२० एप्रिल, गुरुवार

टेकूची परवानगी "विचाराधीन" आहे. खोली रिकामी करण्याचा हुकूम मात्र दोन दिवसांत आला. टेकूला परवानगी लागते, माणसं हलवायला लागत नाही.

साहेबांना विनवलं: त्यांना पत्र्याच्या खोलीत राहू द्या, ती भिंतीपासून लांब आहे, मी तंबूत झोपेन. साहेब वाईट माणूस नाही. सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "अहो, आजारी बाईला राखीव क्षेत्रात ठेवायची जबाबदारी कोण घेणार? तुम्ही घेता का लेखी?"

घेते, मी म्हणाले.

"तुम्ही बाहेरच्या. तुमची चालणार नाही."

काकूंना सांगितलं. संडासाच्या खिडकीलाही आता त्या तयार होत्या, तर तीही नाही मिळाली. त्यांनी माझी समजूत घातली. त्यांनी माझी.

२२ एप्रिल, शनिवार

चौघं जण स्ट्रेचर घेऊन आले. मुलगाही आला, थकलेला, भला माणूस. आईसाठी नवीन उशी आणली होती. पहिल्या वळणावर काकूंनी थांबायला सांगितलं. सगळ्यांना वाटलं धाप लागली. त्यांनी मान वळवून उताराकडे बघितलं, ओठ हलत होते.

"नऊ," म्हणाल्या.

काकांनी खिशातून कागद काढून लिहिलं. मग ते खाली गेले. शेवटच्या वळणापर्यंत मी सोबत गेले, मग माझं तिथे काही काम नव्हतं.

दाराला आडवी दोरी बांधली, धोक्याची पाटी लावली. हे काम मला येतं.

२६ एप्रिल, बुधवार

काकू काल सकाळी गेल्या. तीन दिवस. मुलाने कळवलं. रुग्णवाहिकेतच त्यांना जास्त झालं होतं, वाटेतले हेलकावे सोसले नाहीत, असं म्हणाला आणि लगेच म्हणाला, "तुम्ही मनाला लावून घेऊ नका, तुम्ही दोघांचा जीव वाचवलात." मनापासून म्हणाला. मी धन्यवाद म्हणाले. यावर दुसरं काय म्हणतात?

भिंत उभी आहे.

२९ एप्रिल, शनिवार

काकांचा फोन. मी शब्द जुळवत होते, त्यांनी तिकडे लक्षच दिलं नाही.

"पडली का?"

"नाही, काका."

"बरं." आणि ठेवला.

माझा मुक्काम संपलाय, पण परवानगी येईपर्यंत थांबा असा निरोप आहे. रोज सकाळी ओळंबा बघते. अठरा तारखेपासून केसभरही हललेला नाही. एक दगड टाकून भिंतीचं समाधान झालंय बहुतेक. अशा भिंती वीस वर्षंही राहतात. बाबांनाही तसंच वाटतं. मी त्यांना विचारायलाच नको होतं.

१ मे, सोमवार

काल आणि आज, दोन्ही दिवस फोन. "पडली का?" "नाही." "बरं."

काकांचा मुलगा म्हणतो, बाबा जेवत नाहीत, खिडकीशी बसून असतात, झोपत नाहीत. आई तिथे राहिली असती तर, एवढंच धरून बसलेत.

मी आयुष्यभर भिंती सावरल्या. आज सकाळी या भिंतीसमोर उभं राहून तिला म्हटलं, पड ना गं बाई.

२ मे, मंगळवार

"पडली का?"

"पडली," मी म्हणाले.

ठरवलं नव्हतं. तोंडातून गेलं. 

"कधी?"

"काल दुपारी. खोलीवरच. काही राहिलं नाही."

"म्हणजे आम्ही असतो तर..."

"हो, काका."

श्वास सोडलेला ऐकू आला. लांब. मग म्हणाले, "बरं झालं बाई, तुम्ही हलवलंत. मी उगाच तुम्हाला मनात काय काय बोललो." आणि रडायला लागले. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच, असं नंतर मुलाने सांगितलं. मीही रडले. खडकावर बसून वाटलं, या सगळ्यात एक तरी गोष्ट धड केली.

३ मे, बुधवार

काकांच्या मुलाचा फोन. बाबा काल पोटभर जेवले, रात्रभर झोपले. माझे आभार मानत होता.

शुक्रवारी काका वर येतायत. ढिगाऱ्यात काकूंची काही वस्तू सापडते का बघायला.

४ मे, गुरुवार

कोणता दगड काढला की भिंत खाली येईल, मला माहीत आहे. पायाशी, डावीकडून तिसरा. पहार घेऊन गेले. पहार दरजेत घातली. वरच्या झाडावर पक्षी होते. मुळं बघितली, कशी दगडाला बिलगलीत ते बघितलं आणि तशीच उभी राहिले. हात चालेना. चुना लावायला शिकलेले हात आहेत, किंवा नुसती भित्री आहे. पहार परत आणून ठेवली.

५ मे, शुक्रवार

मी खाली फाट्यावर गेले होते. ठरवलं होतं, वर पोचायच्या आत खरं सांगायचं. सांगायला दीड तासाचा चढ होता.

पण काका बोलत होते. थांबतच नव्हते. मुलाच्या घराशेजारी एक म्हातारे भेटले, संध्याकाळी त्यांच्याबरोबर फिरायला जातात. सून पथ्याचं करून देते. "हिच्या मनासारखं झालं नाही," म्हणाले, "पण दगडाखाली गेली असती तर मला माझं तोंड बघवलं नसतं. आता निदान एवढं तरी." प्रत्येक वळणावर मी तोंड उघडलं आणि प्रत्येक वळणावर त्यांना आणखी काही आठवलं.

शेवटचं वळण आलं. कमान दिसली, मग झाड, मग भिंत.

ते थांबले. मी म्हणाले, "काका..." मला वाटलं ओरडतील. मी त्यांच्यावर ओरडले होते, त्यांचा हक्क होता. त्यांनी भिंत वरपासून खालपर्यंत बघितली. नीट बघितली, माझ्यासारखी, झुकावाचा अंदाज घेतल्यासारखी.

"तीन रात्री झोप लागली होती मला," म्हणाले.

एवढंच. मग चालत गेले, दोरी वर उचलली आणि खाली वाकून आत गेले. काका, आत जाऊ नका, मी म्हणाले. आवाज बाहेर पडला की नाही कोण जाणे. दोरी मीच बांधलेली, पाटीवरची सही माझी, तरी मी पुढे होऊन त्यांचा हात धरू शकले नाही.

आतून केरसुणीचा आवाज यायला लागला. मी दोरीच्या अलीकडे उभी राहून भिंतीवर नजर ठेवली, जणू मी बघत असेपर्यंत ती पडणार नव्हती. ते झाडत राहिले, बराच वेळ, कोपरा न् कोपरा, कुणीतरी राहायला येणार असल्यासारखे.